उणे बावीस अंशांवरच्या तीन बाटल्या

मोटारीचे कूलंट थंडीत गोठते का, असे कोणी विचारले तर मी एका वाक्यात उत्तर देत असे: त्यात पाणी किती आहे ते सांगा, मग सांगते. ते उत्तर आजही बरोबर आहे. फक्त गेल्या जानेवारीपासून ते देताना मला शामराव रामटेके आठवतात आणि उत्तर थोडे लांबते.

दिल्लीजवळच्या मानेसरच्या ज्या कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते, तिथे कूलंट दोन प्रकारांत भरले जाते. एक तयार मिश्रण: निम्मे ग्लायकॉल, म्हणजे पाण्याला गोठू न देणारे रसायन, निम्मे शुद्ध पाणी, डब्यातून थेट रेडिएटरमध्ये ओतायचे. दुसरे कॉन्सन्ट्रेट: जवळजवळ सगळे ग्लायकॉल आणि गंज रोखणारी थोडी रसायने. त्यात पाणी ग्राहकाने घालायचे असते. शामराव मिक्सिंग विभागाचे सुपरवायझर होते. वर्ध्याकडचे; केंद्र सरकारच्या नोकरीतल्या थोरल्या भावाच्या मागोमाग दिल्लीत आले आणि सव्वीस वर्षे याच कारखान्यात राहिले. शुद्ध पाण्याच्या व्हॉल्व्हला कुलूप असते आणि त्याची किल्ली एकट्या शामरावांकडे असे. एकतीस जानेवारीला ते निवृत्त होणार होते.

नऊ जानेवारीला आमचे प्लँटप्रमुख परीक्षित यांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि मोबाइल पुढे केला. करोल बागेतले स्पेअर पार्ट्सचे जुने व्यापारी तिलकराज चढ्ढा यांनी पाठवलेला व्हिडिओ होता. पडद्यावर आमच्या कॉन्सन्ट्रेटचा उघडा डबा एका हाताने उलटा धरला होता. त्यातून काहीही पडत नव्हते. मागून आवाज येत होता: "देखो भाई, एंटीफ्रीज जम गया। पानी है, पानी!"

हिमाचलमधल्या लाहौलला प्रवासी नेणाऱ्या एका टॅक्सीचालकाने चढ्ढांकडे तक्रार केली होती की डिकीत ठेवलेला डबा सकाळी लापशीसारखा झाला होता. चढ्ढांनी त्याच बॅचचा दुसरा डबा घेतला, समोरच्या गल्लीत भावाचे आइस्क्रीमचे दुकान आहे तिथल्या फ्रीजरमध्ये ठेवला, अधूनमधून उघडून चमच्याने ढवळून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दगड झालेल्या डब्याचा व्हिडिओ काढून परीक्षितांना पाठवला.

"अक्षया, सीधी बात आहे," परीक्षित म्हणाले. "गोठलं म्हणजे पाणी."

"पाणी असतं तर गोठलं नसतं."

"परत सांग?"

"शुद्ध ग्लायकॉल उणे तेराच्या आसपास गोठतं. पाणी शून्यावर. दोन्ही निम्मी-निम्मी मिसळली तर मिश्रण उणे सदतिसापर्यंत द्रव राहतं, कारण दोघं एकमेकांना स्फटिकात नीट बसू देत नाहीत. आपलं कॉन्सन्ट्रेट उणे सतराला गोठतं. त्या फ्रीजरचं तापमान त्याच्या खाली असणार. डबा गोठला, कारण त्यात कोणी पाणी घातलं नव्हतं."

परीक्षित खुर्चीत मागे रेलले. "हे तू चढ्ढांना सांग. पण माझ्यासमोर सांग. मला त्यांचा चेहरा बघायचाय."

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. त्या बॅचच्या दिवशी, चार डिसेंबरला, पाण्याचा व्हॉल्व्ह चाळीस मिनिटे उघडा असल्याची नोंद होती. पाइप धुण्यासाठी तो उघडला होता आणि शामरावांनी तसे लिहूनही ठेवले होते. परंतु 'धुणे' हा शब्द ज्याला संशय घ्यायचा आहे त्याला पुरेसा वाटत नाही. खाली दुसरा कागद होता. भेसळीच्या आरोपावरून कारणे दाखवा नोटीस. नाव शामरावांचे, तारखेची जागा कोरी.

"चढ्ढांनी व्हिडिओ अजून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलेला नाही," ते म्हणाले. "कारवाई दाखवा, मग नाही टाकणार, म्हणतात. यार, मला आवडतंय का हे? शनिवारपर्यंत त्यांची समजूत काढ. नाही निघाली तर सोमवारी तारीख घालतो."

मी प्रयोगशाळेत जाऊन त्या बॅचचा राखीव नमुना काढला. प्रत्येक बॅचची मोहोरबंद बाटली आम्ही दोन वर्षे जपून ठेवतो. पाण्याचे प्रमाण एक पूर्णांक आठ दशांश टक्के आले. मर्यादा पाच टक्क्यांची आहे. तीनदा मोजले, तीनदा तेच. मग शामरावांना बोलावले.

ते दारातच उभे राहिले. "मॅडम, मी पाणी नाही घातलं."

"मला माहीत आहे. बसा. मी मोजलंय."

"मोजलं म्हणून माहीत आहे?"

"हो."

ते बसले. "बरं झालं. कोणी नुसता विश्वास ठेवला असता तर त्याच्या उपकारात राहावं लागलं असतं."

तक्रारीची कुजबुज कारखान्यात माझ्याआधीच पोहोचली होती; कारखान्याच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी दोन दिवस कोणी बसले नव्हते, हे मला पॅकिंग विभागातल्या सुजयने सांगितले होते. शामरावांनी स्वतः तो विषय काढला नाही. त्यांनी एवढेच सांगितले की घरी पत्नीला, कमलाबाईंना, यातले काही कळू दिलेले नाही. सव्वीस वर्षांच्या शेवटी कपाळावर 'भेसळ' हा शब्द घेऊन घरी जायचे असेल तर तो एकदाच सांगावा, रोज थोडा थोडा नको, असे त्यांचे म्हणणे होते.

आकडे मी चढ्ढांना ईमेलने पाठवले, सोबत आलेखही. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: लॅब तुमची, आलेख तुमचा, माल तुमचा, डबा फक्त माझा. मला राग आला नाही. दिल्लीत माणसे पनीरवर आयोडीनचा थेंब टाकून पाहतात, मध पाण्यात सोडून पाहतात, दूध उतारावर ओघळवून पाहतात. इतक्यांदा फसवले गेल्यावर घराघरात एक छोटी प्रयोगशाळा उघडणे स्वाभाविक आहे. चढ्ढांनी निदान प्रयोग केला होता. त्यात तुलनेसाठी दुसरी बाटली नव्हती, एवढीच उणीव होती. ती मी भरून काढणार होते. शनिवारी, त्यांच्याच फ्रीजरमध्ये, त्यांच्या डोळ्यांदेखत.

शामरावांनाही सोबत नेणार असल्याचे सांगितल्यावर परीक्षित म्हणाले, "शामराव कशाला? आरोपीला घेऊन जातात का?"

"ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना पुरावा बघता आला पाहिजे."

"ठीक. पण ते कशालाही हात लावणार नाहीत. नाहीतर चढ्ढा म्हणतील, याने जादू केली."

शामरावांनी ही अट मान डोलावून स्वीकारली.

शनिवारी साडेदहाच्या सुमारास आम्ही करोल बागेत पोहोचलो. धुके दुकानांच्या पाट्यांपर्यंत उतरलेले होते. चढ्ढा साठीचे, मफलर कानांवरून गुंडाळलेले गृहस्थ. त्यांनी आमच्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "पहले चाय, फिर झगड़ा।" चहा उत्तम होता. त्यांनी शामरावांनाही तितक्याच अगत्याने दिला. मात्र देताना विचारले, "इसमें पानी ठीक है न, भाईसाहब?"

"जितना चाहिए उतना है," शामराव म्हणाले.

चढ्ढा हसले. परीक्षित हसले नाहीत.

आइस्क्रीमच्या दुकानातला एक फ्रीजर जानेवारीत रिकामाच असतो. तो यापुढे खाद्यपदार्थांसाठी वापरायचा नाही, हे मी आधी लेखी कबूल करून घेतले होते, कारण ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. असे पदार्थ फार घातक असतात. कोपऱ्यात चढ्ढांचा गोठलेला डबा पुरावा म्हणून जपून ठेवलेला होता. माझ्या थर्मामीटरने फ्रीजरचे तापमान उणे बावीस दाखवले.

मी तीन पारदर्शक बाटल्या भरल्या. पहिलीत राखीव नमुना. मोहोर चढ्ढांनी स्वतः तोडली. दुसरीत तोच नमुना आणि तेवढेच पाणी. तिसरीत एक भाग नमुना आणि चार भाग पाणी. उन्हाळाभर नळाचे पाणी ओतत राहिल्यावर दिल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या रेडिएटरमध्ये जे उरते, ते साधारण असेच असते. चढ्ढांनी बिलबुकामागच्या कागदावर माझे भाकीत लिहून घेतले: पहिली गोठेल, दुसरी गोठणार नाही, तिसरी गोठेल. खाली मी सही केली.

"मॅडमजी," ते म्हणाले, "बिना पानी वाला जमेगा और पानी वाला नहीं जमेगा। लिख तो दिया आपने। कल को कहोगी, धूप में कपड़े गीले होते हैं।"

"तीन वाजता बघू," मी म्हणाले. मला शंका नव्हती. हे मुद्दाम नोंदवते, कारण शंका घेणे हाच माझा व्यवसाय आहे.

तीन वाजता चढ्ढांनी झाकण उघडले. तिसऱ्या बाटलीत बर्फाचा घट्ट लगदा झाला होता. दुसरी द्रव होती. पहिली, शुद्ध कॉन्सन्ट्रेटची, तीही द्रव होती. मी ती तिरपी केली. आतला हिरवा द्रव मधासारखा संथपणे एका बाजूला सरकला. बाटलीत थर्मामीटर घातला: उणे एकवीस. गोठणबिंदूच्या चार अंश खाली आणि स्फटिकाचा एक कणही नाही.

बाहेर एक ई-रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

काय घडले ते मला लगेच कळले. कळून उपयोग नव्हता. काही द्रव गोठणबिंदूच्या खाली जाऊनही गोठत नाहीत. स्फटिकाला सुरुवात करून देणारा पहिला कण मिळेपर्यंत ते तसेच थांबून राहतात. ग्लायकॉल या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. मी स्वच्छ बाटली वापरली, झाकण घट्ट लावले, चार तास कोणाला हात लावू दिला नाही. चढ्ढांनी आपला डबा उघडून चमच्याने ढवळला होता, म्हणून तो गोठला. माझ्या काळजीनेच माझा प्रयोग बिघडवला होता.

चढ्ढांनी कागद डोळ्यांजवळ धरला. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. उलट थोडी खंत होती, आणि ती अधिक वाईट होती. "मॅडमजी, आपका असली माल नहीं जमा। ज़्यादा पानी वाला जम गया। मेरा डब्बा भी जमा हुआ है। अब आप ही बोलो, मेरे डब्बे में क्या है?"

"ये सुपरकूल हो गया है," मी म्हणाले. "ठंडा हुआ है, पर..."

"पर जमना भूल गया?"

"हाँ. बिल्कुल वही."

"अच्छा।" त्यांनी कागदाची घडी घातली. "आपका माल भूल जाता है। मेरे वाले को याद रहता है।"

परीक्षितांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी बॅगेची चेन लावली; त्या बॅगेत ती नोटीस होती. मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने, तीन साक्षीदारांसमोर असा प्रयोग केला होता ज्याने शामरावांवरचा आरोप सिद्ध होत होता. जो माणूस निर्दोष आहे हे मला दशांशापर्यंत माहीत होते, त्याच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आता माझा होता.

"मॅडम," शामराव मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "याला विरजण लागतं."

"काय?"

"विरजण. असंच नाही लागणार हे. कोल्ड रूममध्ये असंच व्हायचं." मग ते परीक्षितांकडे वळले. "सर, हात लावू नका असं म्हणाला होतात. लावू का?"

"आता काय उरलंय," परीक्षित म्हणाले. "लावा."

शामरावांनी मात्र आधी चढ्ढांना विचारले. "साहब, आपके डब्बे से ज़रा-सा टुकड़ा लूँ? आप ही निकालकर दो।"

चढ्ढांनी कुतूहलाने आइस्क्रीमचा लाकडी चमचा घेतला आणि आपल्या गोठलेल्या डब्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा कण खरवडला. शामरावांनी बाटली पुढे धरली. चढ्ढांनी कण आत टाकला.

पहिली दहा-पंधरा सेकंदे काही झाले नाही. मग त्या कणाभोवती पांढरे टोकदार धागे दिसू लागले, सर्व बाजूंनी, संथपणे, काचेवर धुके चढावे तसे. पाच मिनिटांत वरचा अर्धा भाग लापशीसारखा पांढरा झाला. थर्मामीटर अजून आतच होता. आकडा उणे एकवीसवरून चढत गेला: उणे वीस, उणे अठरा, आणि उणे सतराला येऊन थांबला.

"ये गरम कैसे हो रहा है?" चढ्ढांनी विचारले. "जम रहा है और गरम हो रहा है?"

"जमताना उष्णता बाहेर पडते," मी म्हणाले आणि मग हिंदीत सांगितले. हाच त्याचा खरा गोठणबिंदू. चार तास मी ज्याची वाट पाहत होते तो आकडा आता समोर स्थिर उभा होता.

पण चढ्ढा सहज मानणारे नव्हते, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते म्हणाले, "टुकड़ा तो मेरे पानी वाले डब्बे का था। बर्फ डालोगे तो जमेगा ही।"

हा आक्षेप योग्य होता. मी स्वतः घेतला असता. शामरावांनी बाटली खाली ठेवली आणि मधली, निम्म्या पाण्याची बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली. "तो इसमें भी डालो, साहब।"

चढ्ढांनी दुसरा कण टाकला, मग खात्रीसाठी आणखी एक मोठा. आम्ही चौघे त्या बाटलीवर वाकून उभे राहिलो. कण तळाशी गेले, कडांनी धूसर झाले, विरघळत गेले आणि दिसेनासे झाले. बाटली हलवली. द्रव.

चढ्ढांनी मफलर कानांवरून खाली केला. बराच वेळ ते त्या दोन बाटल्यांकडे आलटून पालटून पाहत होते. मग त्यांनी आपला गोठलेला डबा फ्रीजरमधून बाहेर काढून बगलेत घेतला. "इसे आज हीटर के पास पिघलाऊँगा। अपने नल का पानी डालूँगा, आधा-आधा। अपने हाथ से। कोई मुझे बताएगा नहीं कि क्या होगा। कल फ़ोन करूँगा।"

"आत चमचा फिरवून बघा," मी म्हणाले. "ढवळून. वाट्टेल तितकं."

"वो तो मैं करूँगा ही।"

परतीच्या वाटेवर परीक्षित पुढे बसले होते आणि फोनवर बोलत होते. मी मागे शामरावांना विचारले, "कोल्ड रूमचं काय म्हणालात?"

"मी नवीन होतो तेव्हाचं. आधी गोठवण्याच्या चाचण्या माझ्याकडेच होत्या. काही नमुने गोठायचेच नाहीत. मग गोठलेल्या बाटलीतला थर्मामीटर मी न पुसता पुढच्या बाटलीत घालायचो, की ती पण गोठायची. मला वाटायचं, बरं झालं, काम झालं. साहेबांनी एक दिवस असं झापलं! म्हणे, तू एका नमुन्याचा रोग दुसऱ्याला देतोस. तेव्हापासून पुसतो."

थर्मामीटर प्रत्येक वेळी पुसावा, ही सूचना आमच्या चाचणीच्या नियमावलीत सातव्या क्रमांकावर आहे. नियमावलीवर सही माझी आहे. तो नियम का आहे हे मला पाठ होते. पण हवा तेव्हा तोच नियम उलटा वापरता येतो, हे मला सुचले नाही. शामरावांना सुचले, कारण ते तो पुस्तकातून नव्हे, बोलणी खाऊन शिकले होते. त्यांची विरजणाची उपमा रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहे: दह्यात जिवाणू वाढतात, इथे जिवंत असे काहीच नव्हते. मी ते त्यांना सांगितले. ते म्हणाले, "असेल, मॅडम. पण लागलं ना?"

रविवारी साडेदहाला चढ्ढांचा फोन आला. त्यांचा डबा, त्यांचे पाणी, त्यांचा फ्रीजर, रात्रभर. सकाळी उणे बावीस. तीनदा ढवळला. त्यांनी व्हिडिओही पाठवला. त्यात तोच हात तोच डबा उलटा करत होता आणि या वेळी सगळे कूलंट खालच्या बादलीत धबधब्यासारखे पडत होते. शेवटी त्यांचा आवाज: "असली था भाई। मेरी ग़लती।" तो व्हिडिओ त्यांनी आमच्या परवानगीची वाट न पाहता व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि खाली लिहिले होते की बिनपाण्याचे कॉन्सन्ट्रेट थेट गाडीत ओतू नका, गोठेल.

लाहौलच्या चालकाचेही तेच झाले होते, हे मग कळले. डब्यावर 'उणे ३७' मोठ्या अक्षरांत छापलेले होते आणि 'समप्रमाणात पाणी मिसळल्यावर' हे शब्द खाली, बारीक, इंग्रजीत. ते लेबल मी मंजूर केले होते. सुदैवाने त्याने डबा गाडीत ओतला नव्हता. ओतला असता तर रोहतांगच्या पलीकडे एखाद्या पहाटे इंजिन फुटले असते आणि मी कोणत्या प्रयोगाने काय सिद्ध केले असते, मला ठाऊक नाही.

सोमवारी परीक्षितांनी मला चौकशीचा निष्कर्ष लिहायला सांगितले. मी दोन पाने लिहिली. बॅच निर्दोष. नोंदीतला चाळीस मिनिटांचा उल्लेख पाइप धुण्याचा, बरोबर. लेबलातला दोष माझा. शनिवारच्या प्रयोगातला दोष माझा. प्रयोग पूर्ण करणारी व्यक्ती: शा. रामटेके. परीक्षितांनी वाचले आणि ती बिनतारखेची नोटीस स्वतः श्रेडरमध्ये घातली. मग म्हणाले, "'दोष माझा' दोनदा कशाला?"

"दोन दोष आहेत."

"तू पण ना, अक्षया," ते म्हणाले आणि खाली सही केली.

पाचच्या सुमारास मी शामरावांना प्रयोगशाळेत प्रत दिली. अहवाल इंग्रजीत होता, त्यांना वाचता येत होता, पण ते म्हणाले, "तुम्ही मराठीत सांगा, मॅडम. हळू." मी ओळीओळीने सांगितला. शेवटच्या ओळीवर त्यांनी मला पुन्हा मागे जायला सांगितले. मी पुन्हा वाचली. त्यांनी प्रत छातीच्या खिशात ठेवली, मग काढून पुन्हा पाहिली.

"इथून एक फोन करू का? बाहेर मशीनचा आवाज आहे."

मी तराजूच्या टेबलाकडे सरकले आणि एका मोजमापाची नोंद तपासत असल्याचे भासवू लागले. तरी ऐकू येतच होते.

"कमल? जेवायला थांब आज. ... हो, बरा आहे आवाज. ... नाही, वाईट नाही. वाईट होतं, आठवडाभर. आता मिटलं. घरी आल्यावर सांगतो. ... काय? ... कधीपासून?" मग बराच वेळ ते फक्त ऐकत होते. "मग बोलली का नाहीस?"

पलीकडून काय उत्तर आले ते मला कळले नाही. शामराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला.

"तिला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "बसमधल्या कोणाच्या तरी बायकोनं सांगितलं. मी सांगेन म्हणून ती थांबली. मी सांगितलं नाही म्हणून ती रोज माझ्याबरोबर गप्प बसून जेवली."

मला जे नेमके माहीत होते तेच मी बोलले. "शामराव, शनिवारी तुम्ही नसता तर मी तुमच्याविरुद्धचा पुरावा तयार करून परत आले असते. मी तुमची आभारी आहे."

ते थोडे अवघडले. "तुम्ही नेलंत म्हणून मी होतो."

"ते नियमाप्रमाणे नेलं होतं."

"तसंच असू द्या," ते म्हणाले. "कमल म्हणतेय, मॅडमना रविवारी जेवायला बोलवा. तिखट चालतं ना तुम्हाला? आमच्याकडे जरा जास्त असतं."

"किती जास्त?"

"ते मोजता नाही येणार, मॅडम. येऊन बघा."

मी येते म्हणाले. सव्वापाचची बस फाटकाशी लागली होती. शामराव खिशावर हात ठेवून जिना उतरले आणि मी खिडकीतून, ते बसमध्ये चढेपर्यंत, पाहत राहिले.